प्रदर्शनात शेळी, कोंबड्या आणि हातची शाल: सहा आठवड्यांत काय जमतं, काय नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. कृषी प्रदर्शन सहा आठवड्यांवर आलंय. घरी दुसऱ्या वेताची दुभती शेळी आहे, तिचीच आठ महिन्यांची पाठ (अजून न व्यालेली तरुण मादी) आहे, कोंबडा-कोंबडीची एक जोडी आहे. हाताने विणलेली लोकरीची शाल तयार आहे आणि एक गोधडी निम्मी शिवून झालीय. यातलं काहीच आजवर स्पर्धेत उतरवलेलं नाही. मग काय काय न्यावं, तयारी कशी करावी, आणि परीक्षकांना नेमकं काय आवडतं?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बहुतेकांची गाडी तिथेच अडते. मी शेळ्या पाळते आणि हातकामाच्या वर्गांना परीक्षक म्हणूनही बसते. टेबलाच्या त्या बाजूला बसलं की आवडीनिवडीला फार जागा उरत नाही. हातात त्या वर्गाचं छापील वर्णन असतं, समोर वस्तू असते, आणि दोन्ही किती जुळतात ते सांगायचं असतं. देखणी शाल चुकीच्या वर्गात आली की बाद होते. बाद करताना जीवावर येतं, पण इलाज नसतो. तेव्हा काय आवडेल याचा विचार सोडा. तुमच्याकडचं काय काय सहा आठवड्यांत त्या वर्णनात चोख बसेल, तेवढं बघू.

आता जनावर आणि वस्तू यांतला एक फरक आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं नियोजन त्यावर अवलंबून आहे. जनावराचं जे व्हायचं ते बरंचसं होऊन गेलेलं असतं: वंश, हाडपेर, वाढीच्या महिन्यांत मिळालेला चारा. सहा आठवड्यांत तुम्ही त्याला स्वच्छ, निरोगी आणि माणसाळलेलं करू शकता, बदलू शकत नाही. वस्तूचं उलट. शाल सुयांवरून उतरली म्हणजे काम झालं असं वाटतं, पण स्पर्धेतलं तिचं नशीब शेवटच्या चार-दोन दिवसांतल्या हातफिरवणीवर ठरतं. म्हणून आजपासून जनावरांच्या मागे लागा आणि शेवटचा आठवडा वस्तूंसाठी मोकळा ठेवा. नवखे लोक नेमकं उलट करतात. महिनाभर शालीला कवटाळून बसतात आणि आदल्या दिवशी शेळीच्या गळ्यात दावं घालून तिला ओढायला जातात.

त्याही आधी नियमपुस्तिका. ती आजच मिळवा आणि हातात पेन्सिल घेऊन वाचा. तिच्यात तीन तारखा शोधायच्या: नोंदणी कधी बंद होते, वस्तू कधी जमा करायच्या, आणि जनावराचं वय कुठल्या तारखेला मोजलं जातं. पहिल्या दोन तारखांत लोक हमखास गल्लत करतात. वस्तू प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी द्यायची असली तरी नाव नोंदवायची मुदत कित्येकदा काही आठवडे आधीच संपलेली असते. त्यानंतर तुमची शाल कितीही सुरेख असली तरी ती घरच्या खुर्चीवरच. पुढे बघा की एका वर्गात एकाला किती नोंदी करता येतात, वस्तू किती जुनी चालते (बऱ्याच ठिकाणी मागच्या प्रदर्शनानंतर किंवा गेल्या बारा महिन्यांत पूर्ण केलेलीच चालते), आणि जनावर अमुक तारखेपासून तुमच्याच मालकीचं असावं अशी अट आहे का. मुलांच्या वर्गांत ही मालकीची अट विशेष कडक असते. काही कळलं नाही तर त्या विभागाच्या प्रमुखाला विचारा, तो त्यासाठीच असतो. परीक्षकाला मात्र आधी गाठू नका, तुमच्याबद्दल आणि त्याच्याबद्दलही बोललं जातं.

आता शेळी न्यायची की पाठ? जमलं तर दोघीही, पण वेगवेगळ्या हिशेबाने. दुभत्या शेळीला कासेवर जोखतात, पाठीला कासच नसते. अमेरिकन डेअरी गोट असोसिएशनची गुणपत्रिका उदाहरण म्हणून घ्या. तिथे व्यालेल्या शेळीच्या १०० गुणांपैकी ३५ एकंदर बांध्याला, ३५ कासेला, २० दुधाळपणाच्या लक्षणांना आणि १० पोटा-छातीच्या ऐसपैसपणाला. न व्यालेल्या पाठीला कासेचे गुण काढून तेच ५५, ३० आणि १५ असे वाटलेत. तुमच्या प्रदर्शनातले आकडे वेगळे असतील, कदाचित आकडे नसतीलही, पण परीक्षकाच्या मनातलं वजन साधारण असंच असतं. त्यामुळे आईची कास एका अंगाला लहान असेल तर तिचा एक तृतीयांश भाग डळमळीत झालाच म्हणायचा. त्याच शेळीची पाठ सरळ कमरेची आणि दमदार पायांची असेल तर ती आईला मागे टाकून जाईल. मला विचाराल तर पहिल्या वर्षी पाठीवर जास्त मेहनत घ्या. तिला दूध काढण्याच्या वेळा सांभाळाव्या लागत नाहीत, आणि शिकण्याचं तिचं वयही आहे.

दुभतीच्या बाबतीत ती कधी व्याली यावर बरंच अवलंबून आहे. शेळीचं दूध व्यायल्यानंतर साधारण दीड-दोन महिन्यांनी भराला असतं, मग हळूहळू उतरतं. प्रदर्शनाच्या दिवशी ती आटायला आली असेल तर कास आक्रसलेली दिसणार, आणि त्याला तुम्ही काही करू शकत नाही. इथे एक वाईट खोड सांगायला हवी. कास मोठी दिसावी म्हणून आदल्या रात्रीपासून दूध न काढता शेळी तशीच आणतात. बिचारीला मागचे पाय फाकवून चालावं लागतं, सड बाहेरच्या बाजूला वळतात, कातडी ताणून चकचकीत होते. जाणता परीक्षक हे दुरूनच ओळखतो. तो मागे येऊन वाकतो, कास मांड्यांच्या मध्ये किती उंचावर आणि किती रुंद चिकटलीय ते बघतो, मग तळव्याने दोन्ही भाग वर उचलून हलकेच दाबतो. चांगल्या कासेचं मांस मऊ लागतं, दूध काढल्यावर तिला रिकाम्या पिशवीसारख्या घड्या पडतात. गाठ किंवा कठीणपणा लागला की त्याला आधी कासदाहाची शंका येते. तुम्ही हीच तपासणी घरी करा. रोजच्या वेळा मोडू नका, शेवटची धार काढायची वेळ रिंगणात जाण्याच्या वेळेशी जुळवायची असेल तर ती आठवडाभर थोडी थोडी सरकवा.

वयाबद्दल खोटं बोलायचा मोह कुणी घालेल, त्याच्या नादी लागू नका. परीक्षक ओठ वर करून दात बघतो. शेळीचे खालचे पुढचे दुधाचे दात असतात आठ, त्यातली मधली जोडी साधारण एक ते दीड वर्षाच्या दरम्यान पडून मोठे दात येतात, आणि मग वर्षाला एक जोडी या हिशेबाने चार वर्षांच्या आसपास तोंड पूर्ण होतं. खाण्यापिण्याने आणि जातीने महिने इकडेतिकडे होतात, तरी आठ महिन्यांच्या वर्गात दोन दाती पाठ उभी राहिली तर प्रश्न विचारले जाणारच. जन्मतारखेची नोंद आणि कानातल्या बिल्ल्याचा नंबर कागदावर आणि कानावर एकच आहे ना, हेही आज बघून घ्या. नंबरातला एक आकडा चुकला म्हणून फाटकावरून परत पाठवलेली जनावरं मी बघितलीत.

तब्येतीची कामं आधी उरकायची, कारण त्यांना वेळ लागतो. लस टोचल्यावर अंगात ताकद यायला साधारण दोन-तीन आठवडे जातात, म्हणून पशुवैद्याला याच आठवड्यात बोलवा. कुठल्या लसी आणि कुठले दाखले लागतात ते प्रदेशाप्रमाणे बदलतं. तिथे माझा अंदाज उपयोगाचा नाही, पुस्तिका आणि पशुवैद्य सांगतील ते खरं. एखादं औषध चालू असेल तर बाटलीवर दूध आणि मांस किती दिवस वापरायचं नाही ते लिहिलेलं असतं. त्या दिवसांत प्रदर्शनाची तारीख येत असेल तर आधीच बोला. अंगावर गोल केस गेलेले चट्टे असतील, ओठांवर किंवा सडांवर खपल्या असतील, तर त्या जनावराचं नाव काढून टाका. गजकर्ण काय किंवा ओठांवरच्या त्या खपल्यांचा आजार काय, दोन्ही इतर जनावरांना होतात आणि माणसालाही होतात. फाटकावरचा पशुवैद्य अशा जनावराला आत सोडत नाही, सोडूही नये.

अंगावर मांस किती आहे हे डोळ्यांनी ठरवू नका, केसांमुळे फसायला होतं. शेवटच्या बरगडीच्या मागे कमरेवर हात ठेवा. अंगठा मणक्यावर, बोटं मणक्यापासून आडव्या निघणाऱ्या हाडांच्या टोकांवर. टोकं सुईसारखी टोचली तर जनावर रोड आहे, दाबूनही सापडली नाहीत तर लठ्ठ. १ ते ५ अशी श्रेणी लावतात, त्यात अडीच ते साडेतीनच्या मध्ये असली की झालं. रोड निघाली म्हणून घाबरून धान्याचा मारा करू नका. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटातले जिवाणू नव्या खाद्याला सरावायला दहा-पंधरा दिवस घेतात. एकदम धान्य पडलं की पोटात आम्ल वाढतं, नाहीतर पोट फुगतं, आणि तुम्ही प्रदर्शनाऐवजी दवाखान्यात. याच कारणाने प्रदर्शनाला घरचाच चारा न्या. पाण्याची बादलीही घरचीच. परक्या पाण्याला वास वेगळा येतो, मग शेळी नाक लावून मागे सरते, दिवसभर पीत नाही आणि संध्याकाळी तिचं दूध निम्म्यावर आलेलं असतं.

खुरं दोन आठवडे आधी साळा. आदल्या दिवशी साळली आणि एखादं जरा खोल गेलं तर जनावर रिंगणात लंगडणार. केस कापायचे असतील तर आठवडा-दहा दिवस आधी, म्हणजे कात्रीच्या रेघा भरून येतात. अंघोळ एक-दोन दिवस आधी, ऊन असताना.

पण या सगळ्यापेक्षा मोठं काम म्हणजे पाठीला चालायला शिकवणं. रोज थोडा वेळ, जेवणाच्या आधी, म्हणजे तिला तुमच्यामागे यायला काहीतरी कारण असतं. आधी गळपट्ट्याची सवय, मग चार पावलं, मग थांबणं. थांबल्यावर चारी पाय चौकोनात यायला हवेत, मान वर. परीक्षक आणि तुम्ही यांच्या मध्ये जनावर असायला हवं, म्हणजे तो फिरला की तुम्हीही पुढून वळसा घालून बाजू बदलायची. घरातल्या कुणाला तरी परीक्षक करा. त्याला तिच्या कमरेला, पायांना, ओठांना हात लावू दे. अनोळखी हात लागला की उडी मारणारी शेळी कितीही चांगली असली तरी तिचा बांधा बघायला मिळतच नाही, आणि जे दिसलं नाही त्याला गुण कुठून देणार?

कोंबड्यांचं लवकर आटोपते. कोंबडी पिसं झाडत असेल तर तिचा विषय संपला. उपटलेलं शेपटाचं पीस पुन्हा यायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात, आणि तुटलेलं पीस तर पुढच्या पिसझडीपर्यंत तसंच राहतं. म्हणून आजच दोघांचे पंख उघडून बघा. शुद्ध जातीच्या वर्गात उतरवणार असाल तर त्या जातीचं प्रमाण वाचा: तुऱ्याचा प्रकार, नडगीचा रंग, बोटांची संख्या. बहुतेक जातींना चार बोटं असतात, पण डॉर्किंग आणि सिल्की यांना पाच असायला हवीत. तिथे चार निघाली तर रंगरूप कितीही झकास असलं तरी उपयोग नाही. जात नक्की माहीत नसेल तर घरगुती किंवा संकरित पक्ष्यांचा वर्ग आहे का बघा. गुदद्वाराभोवती आणि पंखांखाली पिसवा, उवा शोधा. दोन-तीन दिवस आधी कोमट पाण्यात धुवा, पिसांच्या दिशेनेच, आणि वारा न लागेल अशा उबदार जागी पूर्ण सुकू द्या. जुन्या टूथब्रशने पायांचे खवले घासले तर वयसुद्धा कमी दिसतं! प्रदर्शनातल्या मापाच्या पिंजऱ्यात आठवडाभर आधीपासून रोज थोडा वेळ ठेवा, नाहीतर परीक्षक आला की कोंबडा कोपऱ्यात तोंड खुपसून बसतो.

म्हणजे आत्तापर्यंत: या आठवड्यात पुस्तिका, नोंदणी, पशुवैद्य आणि पिसांची तपासणी, मग रोज पाठीचं चालणं, शेवटी खुरं-केस-अंघोळ. आता वस्तू.

शेळ्यांच्या गोठ्याशेजारी शालींचं दालन का असतं, याचं नवख्यांना नवल वाटतं. अमेरिकेत अशा प्रदर्शनांचा जनक ज्याला म्हणतात त्या एल्काना वॉटसनने १८०७ मध्ये पिट्सफील्ड गावात दोन मेरिनो मेंढ्या लोकांना दाखवायला उभ्या केल्या होत्या आणि १८११ मध्ये तिथे जनावरांचं मोठं प्रदर्शन भरलं. मेरिनो पाळायची ती लोकरीसाठी. मग त्या लोकरीचं घरी विणलेलं कापडही थोड्याच वर्षांत बक्षिसांच्या यादीत आलं. तुमची लोकरीची शाल अगदी जुन्या जागी चाललीय.

तर शाल. मी शाल हातात घेते तेव्हा आधी उलटी करते. सरळ बाजू सगळेच जपतात, विणणाऱ्याचा हात उलट्या बाजूला कळतो. लोकर जिथे संपून नवी जोडली तिथे गाठ आहे का, टोकं विणीत किती दूर लपवलीत. एक टोक चिमटीत धरून शाल जरा ताणते. टोक बाहेर आलं तर ते दोन-चार टाक्यांतच दडपलेलं होतं. मग चारी कडा. सुरुवातीची कड आणि शेवटची कड दोन्ही सारख्या ताणल्या जातात का? बंद करतानाची कड घट्ट झाली की शाल एका बाजूला आखडते आणि दुमडून ठेवली तरी लपत नाही. हे तुमच्याकडे झालं असेल तर ती एक कड उसवून जाड सुईवर पुन्हा बंद करा, एका संध्याकाळचं काम आहे. त्यानंतर शाल कोमट पाण्यात भिजवा, न पिळता टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी काढा, सपाट जागी मापात पसरून टाचण्या लावा आणि पूर्ण सुकेपर्यंत हात लावू नका. खऱ्या लोकरीवर याने टाके जागच्या जागी बसतात, जाळीची वीण उघडते. अॅक्रिलिकवर भिजवण्याचा तेवढा परिणाम होत नाही. त्याला वाफ देतात, पण इस्त्री टेकली तर वीण कायमची मरते, सांभाळून. शेवटी वास. स्वयंपाकघराचा, धुराचा, कपाटातल्या डांबराच्या गोळ्यांचा. आणि तुमच्या बाबतीत शेळ्यांचा! घरच्यांच्या नाकाला तो येत नाही, बाहेरच्या कुणाला तरी हुंगायला सांगा.

सोबतच्या चिठ्ठीवर धागा कुठला, नमुना तुमचा स्वतःचा की कुणाचा, हे लिहा. नमुना दुसऱ्याचा असणं हा दोष नाही, लपवणं आहे. नाव मात्र परीक्षकाला दिसेल असं कुठेही नको, पुस्तिकेत तसं सांगितलं असेल तेवढंच लिहा.

गोधडी या वर्षी उतरवू नका. निम्मी राहिलेली गोधडी सहा आठवड्यांत पुरी होईलही, पण शेवटच्या निम्म्या भागातला टाका पहिल्या निम्म्यासारखा येणार नाही. घाईचा धावदोरा लांबत जातो, आणि दोन्ही भाग शेजारी शेजारी पसरले की टेबलाच्या पलीकडूनही दिसतं. पुढच्या वेळेसाठी सावकाश शिवा. दोन्ही कर्ण मोजून सारखे येतात का बघा, कोपऱ्यांवरची पट्टी काटकोनात बसवा, पट्टीच्या आत भर टोकापर्यंत गेलेली असू द्या, आखलेल्या रेघा पूर्ण धुऊन काढा. अर्धवट कामांचा वेगळा वर्ग काही ठिकाणी असतो, तुमच्या पुस्तिकेत असेल तर प्रश्नच मिटला.

निकालाचं एक समजून घ्या, म्हणजे हिरमोड व्हायचा नाही. काही वर्गांत सगळ्यांना एकमेकांशी ताडून पहिला-दुसरा-तिसरा लावतात. काही ठिकाणी प्रत्येक वस्तू ठरलेल्या प्रमाणाशी ताडतात, मग एकाच वर्गात पाच जणांना वरची फीत मिळू शकते, किंवा कुणालाच मिळत नाही. फितीच्या रंगावरून तर काही समजूच नका. पहिल्या नंबराला अमेरिकेत निळी फीत देतात, ब्रिटनमध्ये लाल. परीक्षकाचा शेरा मिळतो का ते विचारा. जनावरांच्या रिंगणात तो बहुधा तोंडीच सांगतो, तेव्हा बरोबरच्या कुणाला तरी लिहून घ्यायला ठेवा, कारण दोरी हातात असताना तुमच्या कानावर काही पडणार नाही.

घरी आल्यावर प्रदर्शनाहून आलेली जनावरं उरलेल्यांत लगेच सोडू नका. दोन-तीन आठवडे वेगळी बांधा, त्यांना चारा-पाणी शेवटी द्या, बादल्या आणि स्वतःचे बूट धुऊन मगच दुसरीकडे जा. अशी वेगळी जागा तुमच्याकडे नसेल तर ती उभी करणं हेही या सहा आठवड्यांतलंच काम आहे, ते यादीत घाला.

शेळी कधी व्याली आणि तुमच्या पुस्तिकेत वय मोजायची तारीख कुठली, एवढं कळवलंत तर कुठल्या वर्गात नाव टाकायचं ते सांगता येईल.